सेल्फ (स्टार्टर मोटर) बदलायचे ११,८०० सांगितलेत, रास्त आहेत का? (पुणे)

कर्वेनगर_पेट्रोल

गाडी २०१५ची, १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, मॅन्युअल. ७८,००० किमी झालेत. बॅटरी आठ महिन्यांपूर्वी नवी टाकली आहे.

सकाळी थंड इंजिनवर सेल्फ पहिल्या फटक्यात लागतो. वीस-पंचवीस किमी चालवून गाडी बंद केली आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली, की नुसतं एकदा 'खट्ट' होतं आणि पुढे शांतता. इंजिन जागचं हलत नाही. चार-पाच वेळा चावी फिरवल्यावर अचानक लागतो, आणि लागला की जोमात फिरतो, रेंगाळत नाही.

वर्कशॉपने गाडी बघून (मीटर न लावता) 'सेल्फ गेला' म्हणून सांगितलं. हिशोब असा: सेल्फ असेंब्ली ८,२००, काढ-बसव १,८००, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,८००.

हा भाव बरोबर आहे का? दुरुस्ती होते का, की बदलणंच शहाणपणाचं? आणि बाहेर करायचं तर पुण्यात कुठे?

---

पाना_तेरा

आधी बिलाचं बघू, ते सोपं आहे.

८,२०० ही जर खोक्यावरची एमआरपी असेल, तर तिच्यात कर आधीच धरलेला असतो. त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. कर फक्त लेबरवर: १,८०० अधिक १८ टक्के म्हणजे २,१२४. एकूण १०,३२४ व्हायला हवे. म्हणजे १,४७६ रुपये फुकट जाताहेत. ८,२०० हा कर सोडून भाव असेल तर गोष्ट वेगळी, पण मग एमआरपी ९,६७६च्या आसपास छापलेली दिसली पाहिजे. एस्टिमेटवर पार्ट नंबर लिहून मागा आणि त्या नंबरची एमआरपी बघा.

कुणी 'सेल्फवर २८ टक्के लागतो' म्हणालं तर तो जुना दर आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांना सरसकट १८ टक्के आहे.

---

खटका_रिले

भावाची चर्चा नंतर. गेलंय काय, ते तर कळू द्या.

'खट्ट होतं पण फिरत नाही' याची निदान पाच कारणं असतात आणि त्यातली तीन सेल्फच्या बाहेर आहेत: बॅटरीचं टर्मिनल सैल किंवा फुललेलं, इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी सडलेली, चावीकडून सेल्फला जाणाऱ्या बारीक वायरला पुरेसे व्होल्ट न मिळणं. शेवटच्यात इग्निशन स्विच आणि सेल्फ रिले (चावीच्या इशाऱ्यावर सेल्फकडे करंट सोडणारा खटका) दोन्ही आले. तुमचा आवाज नेमका कुठून येतो तेही बघा. डॅशबोर्डखालून किंवा फ्यूज बॉक्समधून बारीक 'टिक' येत असेल तर तो रिलेचा. खालून, गिअरबॉक्सच्या बाजूने दणदणीत 'खट्ट' येत असेल तर तो सोलेनॉइडचा, म्हणजे सेल्फवरच बसवलेल्या चुंबकी स्विचचा. आणि 'टरटरटर' अशी सलग टकटक असेल तर बॅटरी उतरली आहे, सेल्फला हात लावू नका.

पाचशे-सहाशेचा डिजिटल मीटर पुरतो. गाडी तापवून आणा, न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, एकाला चावीवर बसवा. मग हे आकडे घ्या:

१. गाडी बंद, बॅटरीच्या दोन टोकांवर. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मात्र इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा थोडा फुगलेला दिसतो. पाच मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, मग मोजा.

२. सेल्फ नीट लागतो तेव्हा, फिरत असतानाच बॅटरीवर. ९.६च्या खाली जायला नको. पेट्रोल हॅचबॅकला १० ते ११ मिळायला हवेत.

३. त्याच वेळी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. ०.२ ते ०.३पेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. दीडशे-तीनशेची पट्टी बदला, विषय संपला.

४. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. ०.५च्या आत.

५. सेल्फ लागत नाही त्या क्षणी, सोलेनॉइडच्या बारीक पिनवर. १० किंवा वर हवेत. ७-८ मिळत असतील तर दोष चावी, रिले किंवा वायरमध्ये.

६. पुन्हा नकार देत असतानाच, सोलेनॉइडच्या दुसऱ्या जाड नटवर. ज्यातून विणलेली तांब्याची शेपटी मोटरच्या पोटात जाते, तो नट. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

आणि हे करताना हेडलाइट लावून ठेवा. 'खट्ट'बरोबर दिवे एकदम मंदावतात की जसेच्या तसे राहतात, तेही लिहा.

---

कर्वेनगर_पेट्रोल

आज मोजलं. आवाज खालून, गिअरबॉक्सकडून येतो.

बॅटरी १२.५५. सेल्फ फिरताना १०.७. निगेटिव्ह ते ब्लॉक ०.१५, पॉझिटिव्ह ते जाड बोल्ट ०.२५. नकार देताना बॅटरी १२.२वर राहिली, दिवे किंचित दबले पण मंद झाले नाहीत. बारीक पिनवर ११.४. दुसऱ्या जाड नटवर ०.४.

शेवटचा आकडा तीनदा घेतला, ०.३ ते ०.५मध्येच.

---

खटका_रिले

झालं निदान. तुमचे सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत. मोटर ठणठणीत असण्याची शक्यता दाट आहे.

कारण सांगतो, म्हणजे मिस्त्रीशी बोलताना उपयोगी पडेल. सोलेनॉइड दोन कामं करतो. प्लंजर (आतला लोखंडी दांडा) आत ओढला गेला की फोर्क पिनियनला, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये (काठावरच्या दातेरी कड्यात) अडकवतो, आणि प्लंजरच्या मागची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. तेव्हा कुठे बॅटरीचा शंभर-दीडशे अँपिअर करंट मोटरमध्ये जातो. तुमच्याकडे पहिलं काम होतंय, म्हणून दणदणीत खट्ट. दुसरं होत नाही. एका बोल्टवर १२ व्होल्ट आणि दुसऱ्यावर ०.४, म्हणजे चकती टेकूनही करंट पलीकडे जात नाही. करंटच जात नसल्याने बॅटरीवर ताण नाही, म्हणून दिवे मंदावले नाहीत.

कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) संपले असते तर चित्र उलटं दिसलं असतं. सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात: एक ओढणारा, एक धरून ठेवणारा. ओढणाऱ्या कॉइलचं अर्थिंग मोटरच्या कार्बनमधूनच होतं. कार्बन टेकत नसतील तर त्याला अर्थिंग मिळत नाही, खट्ट मुळात मिळमिळीत येतो किंवा येतच नाही, आणि त्या दुसऱ्या नटवर ०.४ऐवजी जवळजवळ बॅटरीइतके व्होल्ट दिसतात.

गरम झाल्यावरच का? तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. सेल्फ इंजिनला चिकटलेला; तापमान ६० अंशांनी वाढलं तरी कॉइलचा रोध जवळपास पाव हिस्सा वाढतो, म्हणजे करंट साधारण पाचवा हिस्सा घटतो आणि ओढही कमी. चकती नवी, सपाट असेल तर कमी दाबातही भागतं. खड्डे पडलेली असेल तर भागत नाही. थंड असताना ओढ पुरते, म्हणून सकाळी कधी तक्रार नसते.

आता खर्च. पुण्यात ऑटो इलेक्ट्रिशियनकडे, छोट्या पेट्रोल गाडीसाठी, ढोबळ भाव असे. सोलेनॉइड ९०० ते १,५००. कार्बन सेट १५० ते ४००. दोन्ही टोकांचे बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो त्या कड्या) मिळून शंभर-दोनशे. बेंडिक्स, म्हणजे पिनियन आणि त्याचा एकतर्फी क्लच, ६०० ते १,२००. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, १,२०० ते २,५००. गाडीवरून काढणं, उघडणं, बसवणं मिळून ८०० ते १,५००. तुमच्या कामाला सोलेनॉइड, आणि उघडलाच आहे तर कार्बन आणि बुश: तीन हजारांच्या आसपास.

फक्त चकती घासून, उलटी करून बसवणारेही आहेत. शंभर-दोनशेत होतं आणि चार-सहा महिने चालतं. करू नका, बोल्टांची आतली डोकीही तितकीच झिजलेली असतात.

---

नानापेठ_दुपार

निदान पटलं, पण दुरुस्तीच करा हे मी सरसकट म्हणणार नाही.

बाजारातला स्वस्त सोलेनॉइड म्हणजे आत तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी चकती. वर्षभरात पुन्हा खट्ट. मूळ बनावटीचा मिळाला तरच दुरुस्ती करा. लुकास टीव्हीएस, व्हॅलिओ, डेन्सो, बॉश यांपैकी जो तुमच्या सेल्फच्या पाटीवर असेल त्याचाच. (बॉशचा सेल्फ-अल्टरनेटरचा विभाग २०१८मध्ये विकला गेला. आता तो एसईजी ऑटोमोटिव्ह या नावाने येतो, तेव्हा खोक्यावर ते नाव दिसलं तर लगेच डुप्लिकेट समजू नका.)

आणि उघडल्यावर खालीलपैकी काही दिसलं तर दुरुस्तीत पैसे घालू नका, पूर्ण सेल्फ घ्या:

कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग, ज्यावर कार्बन टेकतात) निळा-काळा पडलेला किंवा त्याची एखादी पट्टी वर उचललेली. आर्मेचरच्या पत्र्यांवर एका बाजूला चकचकीत घासल्याची खूण, म्हणजे बुश खाल्ले गेले आणि आर्मेचर मॅग्नेटला घासत होतं. मॅग्नेट तडकलेले. पुढचं अॅल्युमिनियमचं नाक चिरलेलं. किंवा गाडी पाण्यात उभी राहिली असेल आणि आत गाळ असेल. जुलै २०२४ला सिंहगड रोडला पाणी शिरलं होतं, तशा गाडीचा सेल्फ धुऊन-वाळवून महिनाभर चालतो, मग बुश गंजून अडकतो.

नवा, मूळ बनावटीचा पण गाडी कंपनीच्या खोक्यात नसलेला, १.२ पेट्रोलला साडेचार ते साडेसहा हजारांत मिळतो. नाना पेठेत (पुण्यातला सुट्या भागांचा बाजार) गाडीचा नंबर सांगू नका, जुना सेल्फ हातात घेऊन जा. एकाच मॉडेलला दोन वेगवेगळ्या बनावटींचे सेल्फ लागलेले असतात. काउंटरवर शेजारी ठेवून चार गोष्टी जुळवा: पिनियनचे दात मोजून, बोल्टच्या भोकांची जागा, किलोवॉटचा आकडा, आणि बारीक पिनचा आकार. एक दात कमी-जास्त असला तरी बसतो, फिरतो आणि रिंग गिअर खातो.

जुना पीस देऊन तयार केलेला सेल्फ घेण्याचा व्यवहारही तिथे चालतो. अडीच-साडेतीन हजारांत होतो, तीन ते सहा महिन्यांची वॉरंटी. पण तुमचा जुना चांगला आहे, तो देऊन दुसऱ्याचा रंग मारलेला घेण्यात काय हशील? जुन्या बाजारातून (बुधवार-रविवार) उचलण्याबद्दल तर बोलतच नाही. तिथे चालवून बघायची सोय नसते.

---

खटका_रिले

मुलाम्याच्या चकतीचं म्हणणं मान्य. लोहचुंबक खिशात ठेवा. सोलेनॉइडच्या बाहेर आलेल्या जाड बोल्टाला तो चिकटला तर तो तांब्याचा नाही, परत करा.

---

इंजिन_बे

काढायचं काम स्वतः करणार असाल तर क्रम लिहितो. दीड-दोन तासांचं आहे, पण एक चूक महाग पडते.

बॅटरीचं निगेटिव्ह सगळ्यात आधी काढा, १० नंबरचा पाना. हे विसरून सेल्फच्या जाड बोल्टाला पाना लावलात आणि त्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो. त्या बोल्टावर चावी काढल्यावरही बॅटरीचा सरळ करंट असतो, मध्ये काही नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

मग एअर फिल्टरचा डबा बाहेर. बहुतेक छोट्या गाड्यांत त्याशिवाय हात जात नाही. बारीक पिनचा सॉकेट कुलूप दाबून सोडवा, वायर ओढू नका. जाड वायरचा नट १२ किंवा १३ नंबर. नंतर गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडावरचे दोन बोल्ट, बहुधा १४ नंबरचे. वरचा वरून निघतो, खालच्याला गाडी उचलून खालून लांब एक्स्टेन्शन लागतं. गाडी जॅकवर सोडून खाली शिरू नका, स्टँड लावा. शेवटचा बोल्ट निघताना सेल्फला दुसऱ्या हाताने आधार द्या, तीन किलोच्या आसपास वजन असतं आणि तो तोंडावरच येतो.

सेल्फ निघाला की भोकातून टॉर्च मारून रिंग गिअरचे दात बघा. हे कुणी करत नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना दरवेळी जवळपास दोनच जागी थांबतं, समोरासमोर. तीन सिलिंडरचं तीन जागी. झीज तिथेच होते. टॉपच्या गिअरमध्ये टाकून गाडी थोडी थोडी ढकला, पूर्ण चक्र बघून घ्या. दातांची टोकं थोडी घासलेली चालतात. अर्धा दात उडालेला असेल तर नवा सेल्फही करकरत राहील, आणि रिंग गिअर बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. खर्चाचा आकडाच बदलतो. त्या वेळी क्लच प्लेट अर्ध्याखाली असेल तर तीही त्याच लेबरमध्ये उरकून घ्यावी.

आतून तेलाचा ओलसरपणा दिसला तर तेही नोंदवा. वरून व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गळत असेल तर तेल सेल्फवर उतरतं, कार्बनची भुकटी त्यात मिसळून चिखल होतो आणि कार्बन होल्डरमध्ये अडकतात. गळती तशीच ठेवून सेल्फ बदलला तर तोही तसाच जाईल.

बसवताना सेल्फ आणि गिअरबॉक्सची एकमेकांना टेकणारी दोन्ही तोंडं वायर ब्रशने घासून स्वच्छ करा, कारण सेल्फचं अर्थिंग याच जागेतून होतं. तिथे रंग, गंज, सिलिकॉन काही नको. आणि ज्या चुकीबद्दल म्हणालो ती: जाड वायरचा नट जिवाच्या आकांताने आवळू नका. १० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोराने. तांब्याचा बोल्ट मऊ असतो, आत फिरला की चकतीची जागा तिरकी होते किंवा टोपण तडकतं. नव्या सोलेनॉइडचा त्याच दिवशी बळी.

बाकावर चालवून बघायचा तर आधी व्हाइसमध्ये धरा. मोकळा सेल्फ चालू होताना उसळतो. दोन-तीन सेकंद पुरे, मोकळा तो फार वेगाने फिरतो.

---

घाटवळण

मध्येच विचारतो. तोपर्यंत रस्त्यात अडकल्यावर पान्याने सेल्फ ठोकायचा तो उपाय चालतो का? आणि माझी १.३ डिझेल आहे, तिला किती धरायचे?

---

इंजिन_बे

ठोकल्याने अडकलेला कार्बन किंवा चकती जागची हलते, म्हणून कधी कधी लागतो. पण आताच्या बहुतेक छोट्या सेल्फमध्ये फील्ड कॉइल नसतात, फेराइटचे मॅग्नेट आतून चिकटवलेले असतात. ते चिनी मातीसारखे तडकतात. लाकडी दांडक्याने सोलेनॉइडच्या अंगावर हलकेच, मोटरच्या नळकांड्यावर नाही. त्यापेक्षा मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून चालू करा. ऑटोमॅटिकला ती सोय नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या.

डिझेलला कॉम्प्रेशन जास्त, म्हणून सेल्फ मोठा: पेट्रोलचा किलोवॉटच्या आसपास, तर डिझेलचा त्याहून बराच जास्त. नवा सात ते बारा हजार, दुरुस्ती साडेतीन ते साडेपाच. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिचा सेल्फ जास्त वेळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. तिथे साधा बसवू नका, सहा महिने टिकणार नाही.

---

कर्वेनगर_पेट्रोल

काम झालं. वर्कशॉपला नाही म्हणालो, ऑटो इलेक्ट्रिशियनकडे समोर उभं राहून करून घेतलं.

सोलेनॉइडचं टोपण उघडल्यावर चकतीवर समोरासमोर दोन खड्डे होते, नखाचं टोक बसेल इतके, कडेला काळी राख आणि तांब्याचे बारीक मणी. बॅटरीकडच्या बोल्टाचं डोकं एका बाजूने तिरकं खाल्लेलं. कम्युटेटर चॉकलेटी, गुळगुळीत. कार्बन निम्म्यापेक्षा थोडे जास्त शिल्लक होते, तरी बदलले. मागचा बुश हलत होता. रिंग गिअरचे दात पूर्ण फिरवून बघितले, ठीक आहेत.

सोलेनॉइड (पाटीवरच्याच बनावटीचा, लोहचुंबक लावून) १,१५०, कार्बन २८०, दोन बुश १६०, सगळं लेबर १,२००. एकूण २,७९०. सोलेनॉइडला सहा महिने वॉरंटी, बिलावर लिहून घेतली. जुना सोलेनॉइड मागून आणला.

दोन दिवस गरम इंजिनवर तीस-एक वेळा सेल्फ मारून बघितला, एकदाही खट्ट नाही. दुसऱ्या जाड नटवर आता फिरताना १०.२ मिळतात.

एक शंका. जाड वायरच्या बोल्टावर काळी रबरी टोपी होती, ती बसवताना फाटली. इलेक्ट्रिशियन म्हणाला चालतंय तसंच.

---

पाना_तेरा

नाही चालत. तो बोल्ट कायम चालू असतो, आणि त्याच्या आसपास क्लच केबल, पाण्याचे पाइप, सगळं हलत असतं. बॅटरी टर्मिनलची लाल रबरी टोपी वीस-तीस रुपयांना मिळते, ती कापून बसवा आणि खालून टाय लावा. त्याच वेळी तो नट सैल झालाय का तेही हाताने बघून घ्या. बसवताना निगेटिव्ह काढायला विसरू नका.